तुम्ही विचारलंत म्हणून: दोनदा येणारा तास

अमेरिकेत उन्हाळी वेळेसाठी घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरात तासभर मागे करतात; ते महिने जवळ आले की हाच प्रश्न येतो. ‘आमच्या फोनचं घड्याळ रात्रीत आपोआप बदलतं, मग मेनफ्रेमपाशी, त्या मोठ्या संगणकापाशी, एका तासासाठी माणसं का बसवता? आणि नोव्हेंबरात काही जण सगळं तासभर बंद ठेवतात, ते कशाला?’ दोन वाक्यांत उत्तर देऊन कधी कुणाचं समाधान झालं नाही, माझंही नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी हे की मेनफ्रेमचं घड्याळ आपण बदलतच नाही. प्रोसेसरमधलं टीओडी (टाइम ऑफ डे) घड्याळ म्हणजे १ जानेवारी १९०० पासून यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वाढत जाणारा ६४ बिटांचा आकडा. न्यूयॉर्कच्या वेळेवर चालणाऱ्या झेड/ओएसला, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, लोकल वेळ हवी असते तेव्हा ती या आकड्यात एक फरक मिळवते: हिवाळ्यात उणे पाच तास, उन्हाळ्यात उणे चार. बदलतो तो एवढा फरक. टीओडीला मात्र हात लावायचा नाही. डीबी२ या डेटाबेसच्या डेटा शेअरिंगमध्ये (अनेक सिस्टिम एकच डेटा वापरतात तेव्हा) लॉगमधल्या नोंदींचा क्रम त्याच आकड्यावरून ठरतो. तो मागे गेला तर नंतरची नोंद आधीची दिसू लागते, आणि रिकव्हरीचा सगळा भरवसा त्या क्रमावर आहे. आयपीएलच्या, म्हणजे सिस्टिम नव्याने सुरू करण्याच्या, वेळी आयईए८८८ए हा मेसेज वेळ विचारतो, तेव्हा जीएमटी (इथे यूटीसीच) आणि लोकल यांत गल्लत करणारा माणूस हीच चूक करत असतो.

फरक बदलण्याची कृती छोटी आहे. जुन्या पद्धतीत ऑपरेटर ‘सेट क्लॉक’ कमांड देतो. ती फक्त लोकल वेळ हलवते, आणि तीही त्या एकाच सिस्टिमवर. सिसप्लेक्समध्ये (एकत्र जोडलेल्या सिस्टिमच्या गटात) आठ सिस्टिम असतील तर ‘रूट’ कमांडने ती आठही ठिकाणी पोचवावी लागते. त्याच रात्री पार्मलिब या सेटिंग्जच्या लायब्ररीतल्या क्लॉक मेंबरची (फाइलची) टाइमझोन ओळ डब्ल्यू.०५.००.०० (पश्चिमेकडे पाच तास) वरून डब्ल्यू.०४.००.०० करायची. ही ओळ विसरली तर त्या रात्री काहीच बिघडत नाही. बिघडतं तीन आठवड्यांनी, पुढच्या आयपीएलला. सिस्टिम गुपचूप हिवाळी वेळेवर उठते आणि घड्याळबदलाशी याचा संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता हे काम एसटीपीकडे, म्हणजे मशीनची घड्याळं जुळती ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, असतं. एचएमसीवर, म्हणजे मशीनच्या नियंत्रण-कन्सोलवर, वेळापत्रक एकदा भरलं की टायमिंग नेटवर्कमधल्या सगळ्या मशीनना नवा फरक एकदम मिळतो. क्लॉक मेंबरमध्ये एसटीपीमोड आणि एसटीपीझोन दोन्ही ‘येस’ असावे लागतात. एखाद्या एलपारमध्ये (एकाच मशीनच्या स्वतंत्र सिस्टिम चालवणाऱ्या भागात) एसटीपीझोन ‘नो’ राहिला असेल तर तेवढाच एलपार एका तासाच्या फरकाने चुकीचा चालतो. म्हणून बदलानंतर प्रत्येक सिस्टिमवर ‘डी टी’ देऊन लोकल आणि यूटीसी दोन्ही वेळा वाचायच्या. सीआयसीएस, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर, आपली वेळ वेगळी बाळगतं. ऑटोरिसेटटाइम लावलेलं नसेल तर त्याच्या प्रत्येक रीजनमध्ये (चालू प्रतीत) ‘सीईएमटी परफॉर्म रिसेट’ करायचं. झेड/ओएसमधल्या युनिक्स सर्व्हिसेसचं टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबल तर स्वतःच्याच नियमाने बदलतं, त्यामुळे ते आणि सिस्टिम यांच्यात तासाचा फरक पडला आहे का हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

इतकंच असतं तर माणसं बसवायची गरज नव्हती, हे मी मान्य करतो. माणसं बसतात ती प्रोग्रामांमुळे.

नोव्हेंबरचा पहिला रविवार घ्या. उन्हाळी वेळेचे दोन वाजतात आणि घड्याळ पुन्हा एक दाखवतं. एक ते दोन हा तास दोनदा येतो. आता असा बॅच जॉब (माणसाशिवाय ठरल्या वेळी चालणारं काम) डोळ्यांसमोर आणा, जो दर तासाला ५० व्या मिनिटाला चालतो आणि ‘मागच्या वेळेपेक्षा मोठे, आत्ताच्या वेळेपर्यंतचे’ व्यवहार टेबलातून उचलून पुढे पाठवतो. शेवटची वेळ तो कंट्रोल फाइलमध्ये ठेवतो. पहिल्या १:५० ला तो चालला, १२:५० नंतरचे व्यवहार उचलले, फाइलमध्ये १:५० लिहिलं. दहा मिनिटांनी घड्याळ मागे गेलं. दुसऱ्या १:५० ला तो पुन्हा चालला: १:५० पेक्षा मोठे आणि १:५० पर्यंतचे. एकही ओळ नाही. रिटर्न कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. मग २:५० ला १:५० च्या पुढचे सगळे उचलले, त्यात आधीच्या फेरीतली राहिलेली दहा मिनिटंही आली. पण दुसऱ्या फेरीतली १:०० ते १:५० ही पन्नास मिनिटं कुणीच उचलली नाहीत, आणि यापुढेही कुणी उचलणार नाही. कुठे अबेंड (प्रोग्राम मध्येच कोसळणं) नाही, लाल अक्षरातला मेसेज नाही. दुसऱ्या १:५० चं रन शेड्यूलरने ‘हे झालंय’ म्हणून गाळलं तरी नुकसान तेवढंच.

यावर लगेच सुचवलं जातं की जॉब अर्ध्या तासाने चालवा. चालवून पाहा. २० व्या आणि ५० व्या मिनिटाला. दुसऱ्या १:२० ला उचलायच्या वेळांची खिडकी १:५० ते १:२० अशी उलटी, म्हणजे रिकामी, आणि फाइलमध्ये १:२० लिहिलं जातं. मग दुसऱ्या १:५० ला १:२० ते १:५० उचलताना पहिल्या फेरीतले तेच अर्ध्या तासाचे व्यवहार दुसऱ्यांदा जातात. आता वीस मिनिटं हरवली आणि तीस मिनिटं दुप्पट झाली. कुणाचा तरी पैसा दोनदा वळता होतो, कुणाचा होतच नाही, आणि रिपोर्टात सगळं हिरवं. लोक या कामाला ‘घड्याळ बदलणं’ म्हणतात तेव्हा मला त्रास होतो तो यामुळे.

त्या मानाने आवाज करणाऱ्या चुका बऱ्या. टाइमस्टँपवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा न घेणारा) असेल तर डीबी२ उणे ८०३ देतं, व्हीसॅम प्रकारच्या फाइलींत फाइल स्टेटस २२ येतं; दोन्हींचा अर्थ ‘हे आधीच आहे’. निदान कळतं तरी. कालावधीचं गणित पुन्हा गप्प बसणारं. १:५० ला सुरू होऊन चाळीस मिनिटं चाललेला जॉब १:३० ला संपतो, वजाबाकी येते उणे वीस. कोबोल भाषेतल्या प्रोग्राममधलं फील्ड बिनचिन्हाचं असेल तर तिथे वीस साठतात. आणि ‘शेवट आधीचा असेल तर मध्यरात्र ओलांडली समजा’ असा आयएफ कुणी लिहिला असेल तर तेवीस तास चाळीस मिनिटं. एसएमएफच्या, म्हणजे सिस्टिमच्या वापराच्या, नोंदींतही वेळ लोकल असते, त्यामुळे त्यांवरून काढलेलं बिल याच खड्ड्यात पडतं.

म्हणून तासभर बंद. आयएमएस या डेटाबेस आणि व्यवहार प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांना तर दुसरा मार्गच नव्हता, कारण त्यांच्या लॉगमधली वेळ लोकल होती. सहाव्या आवृत्तीपासून आयएमएस आतून यूटीसीवर आलं.

मी स्वतः कित्येक वर्षं एकच उत्तर देत आलो: सगळं यूटीसीत साठवा, प्रश्न संपला. झालेल्या घटनांसाठी ते अजूनही खरं मानतो. पण पुढच्या वेळांसाठी ते उत्तर चुकीचं होतं. अमेरिकेने २००५ च्या कायद्याने बदलाच्या तारखा हलवल्या, २००७ मध्ये उन्हाळी वेळ १ एप्रिलऐवजी ११ मार्चला सुरू झाली. त्या तीन आठवड्यांतल्या ‘सकाळी नऊ वाजता’ या वेळा ज्यांनी आधीच यूटीसीत करून ठेवल्या होत्या, त्यांचे जॉब दहाला सुरू होणार होते. पुढची वेळ लोकलच ठेवायला हवी, सोबत प्रदेशाचं नाव. शिवाय दिवसाचा कटऑफ (व्यवहार कोणत्या दिवसात धरायचा ती सीमा) लोकल वेळेनेच ठरतो, तो यूटीसीत ढकलून कसा चालेल? दोन प्रकारच्या वेळा दोन पद्धतींनी ठेवा, असं आता म्हणतो, आणि हे ऐकणाऱ्या प्रोग्रामरच्या चेहऱ्यावरचा थकवा मला समजतो.

करता येण्यासारखं थोडं आहे. कोबोलचं करंट-डेट फंक्शन २१ अक्षरं देतं. बहुतेक प्रोग्राम पहिली १६ घेतात आणि शेवटची पाच टाकून देतात. त्या पाचांतच जीएमटीपासूनचा फरक असतो. ती साठवली तर दोन्ही १:३० वेगळे ओळखता येतात. डीबी२च्या दहाव्या आवृत्तीपासून टाइमझोनसकट टाइमस्टँप आहे. बॅचची खूण वेळेऐवजी वाढत्या क्रमांकाची करा. आणि चाचणी एलपारमध्ये व्यवहार चालू असताना ‘सेट क्लॉक’ने तासभर मागे या, मग दोन्ही टोकांच्या ओळी मोजा. नुसता रिटर्न कोड पाहू नका.

एवढं करूनही, ज्या प्रोग्रामचा सोर्स हरवला आहे आणि फक्त लोड मॉड्यूल (चालवता येणारं, पण बदलता न येणारं रूप) उरलं आहे, त्यासाठी नोव्हेंबरातली बॅच मी अजूनही तासभर थांबवतो. माझे सहकारी म्हणतात, ऑनलाइन चालू ठेवून फक्त बॅच थांबवण्यात अर्थ नाही, कारण ऑनलाइनचे व्यवहार त्या तासाचे शिक्के घेऊन बसतातच. त्यांचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही.