मुद्दल खाणारा कंट्रोलर

तक्रार अशी, की चांगला वारा असतानाही पवनचक्की अधूनमधून मलूल पडते. चक्राचा व्यास ३ मीटर, तीन पाती, कायमचुंबकी जनरेटर, बॅटऱ्या आणि मध्ये एक ‘स्मार्ट’ कंट्रोलर, जनरेटरमधून किती वीज ओढायची ते ठरवणारा. मालकांचा संशय पात्यांवर.

मी लॅपटॉप जोडला तेव्हा वारा सेकंदाला ६ मीटरच्या आसपास होता. एवढ्या वाऱ्यात या चक्रातून साधारण ९३५ वॅट वाहत असतात. बेट्झच्या नियमानं त्यातले ५९.३ टक्क्यांच्या वर कुणालाच काढता येत नाहीत. छोट्या चक्कीनं ३५ टक्के दिले तरी उत्तम, म्हणजे सव्वातीनशे वॅट. तेही कधी, तर पात्यांची टोकं वाऱ्याच्या सहापट वेगानं पळत असतील तर. इथे तो हिशेब मिनिटाला २३० फेऱ्यांचा येतो.

आलेख बघत बसलो. कंट्रोलर लोड, म्हणजे जनरेटरवरचा विजेचा भार, थोडा वाढवायचा. वॅट वाढले, की खूश होऊन आणखी वाढवायचा. सौर पॅनेलवर ही युक्ती झकास चालते. पॅनेल फिरत नाही ना! इथे लोड वाढला, वॅट वाढले आणि फेरे मात्र घसरत गेले: २३०, २१०, १९०. मग चक्र एकदम सुस्तावलं, वॅट कोसळले. वारा होता तसाच.

मी कागदावर आकडे मांडले. या चक्राचं जडत्व अंदाजे ५ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरलं, तर २३० वरून १९० वर येताना ते फिरण्यात साठलेली साधारण ४६० जूल ऊर्जा सोडतं. चार सेकंदांत वाटले तर ११५ वॅट. कंट्रोलरला दिसलेली ‘वाढ’ हीच! मुद्दल मोडून खायचं आणि व्याज वाढलं म्हणायचं, असा कारभार चालला होता. झुळूक आली की गोंधळ आणखी वाढे, कारण वाऱ्यानं दिलेल्या वाढीचं श्रेयही तो स्वतःकडेच घेई.

ती पद्धत मी बंदच केली. त्याऐवजी साधा नियम घातला: जनरेटरचा रोधक आघूर्ण (फिरण्याला विरोध करणारा पीळ, म्हणजे टॉर्क) फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात; आघूर्ण न्यूटन-मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला रेडियनमध्ये धरला तर गुणांक ०.०२४. चक्र गरजेपेक्षा जोरात फिरलं, तर लोड वाऱ्याला भारी पडून त्याला आवरतो. मंदावलं, तर लोड आपोआप सैल होतो. वाऱ्याचा वेग मोजायचीही गरज नाही. बरंच झालं, कारण चक्रामागे लावलेला वेगमापक पात्यांनी घुसळलेली हवाच मोजत होता.

मालक मात्र नाराज. “आधी काटा कसा वर उडायचा!” मी वॅट सोडून वॅट-तासांचा, म्हणजे एकूण मिळालेल्या विजेचा रकाना उघडला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि नेमकं विचारलं, “हवा जड-हलकी झाली तर हा गुणांक बदलायचा?”

थोडा. पाती धुळीनं, किड्यांनी खरबरीत झाली, तर जास्त.