पाचाला संपणारा दिवस

तंबू ठोकण्याआधी वर बघायचं असतं, हे मला अंदमानात कळलं. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, विजयनगरला, एका बंगाली काकांच्या वाडीत आम्ही रात्रीपुरती जागा मागितली होती. मी निवडलेली जागा बघून ते एवढंच म्हणाले, "नारियल के नीचे नहीं." मग उंडीखाली सरकलो. दापोलीला आजोळच्या परसात हेच झाड होतं. (बेटाचं नाव २०१८पासून स्वराज द्वीप आहे. काका हॅवलॉकच म्हणत होते, म्हणून मीही.)

डिसेंबरातली पौर्णिमा. पाचाच्या सुमाराला सूर्य मागच्या झाडीत गेलासुद्धा. घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि हे बेट त्याच्याही दहा अंश पूर्वेला, मग दुसरं काय होणार! समोर समुद्रातून चंद्र वर आला, सातला आमचा खिचडीभात उरकला आणि आठ वाजता मध्यरात्र झाल्यासारखं वाटायला लागलं. गप्पासुद्धा संपल्या.

मग खरखर सुरू झाली. टॉर्च मारला तर उष्ट्या पातेल्याभोवती शंखातले खेकडे. एकाला उचललं, तसा तो आत गेला आणि मोठी डावी नांगी शंखाच्या तोंडाशी दारासारखी घट्ट लावून बसला. कडी घातली म्हणा ना. खाली ठेवून दोन मिनिटं गप्प राहिलो, तेव्हा आधी मिशा बाहेर आल्या, मग डोळे, मग तो परत भाताकडे. दुपारी वेचलेले दोन शंख मी गुपचूप वाळूत ठेवून आलो. इथून शंख न्यायला बंदी आहेच. पण कुणाचातरी पुढचा ब्लॉक आपण खिशात घालून निघालो होतो, हे तेव्हा लक्षात आलं.

"झोपू नकोस, सव्वाअकराला भरती बघू," मी बायकोला सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते, हे आजोबांचं गणित. पंधराचे सव्वाअकरा. सव्वाअकराला चेन उघडून बाहेर आलो, तर ओल्या वाळूची रेघ तंबूपासून चार हातांवर आणि पाणी केव्हाच मागे फिरलेलं.

"आजोबांचा समुद्र दापोलीचा होता," ही आतूनच म्हणाली.

चेन लावली. पावणेबारा. उजाडायला अजून साडेपाच तास होते.