दोन म्हणजे पाणी

रविवारी भाचीला ऋग्वेदातलं इंद्र-वृत्राचं सूक्त शिकवत होतो. बोरिवलीतल्या आमच्या घराच्या खिडकीखाली दहिसर नदी, पावसाने गढूळ होऊन वाहत होती. वृत्र पडला आणि त्याची आई दानू त्याच्यावर आडवी झाली, वासराजवळ गाय निजावी तशी. या ओळीशी भाची थांबली. "मामा, दानव हिच्यावरूनच?" हो, हिच्यावरूनच. आणि वृत्राने अडवलं होतं काय? पाणी.

मग सूक्त बाजूला राहिलं. वहीच्या मागच्या पानावर मी दानूशी नावाने जुळणारी रशियातली डॉन नदी काढली. इ.स.पू. 5 व्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलं की हिच्या पलीकडे सौरोमाताई नावाचे लोक राहतात. बोलतात शकांची भाषा, पण अशुद्ध. हा शेरा मला फार लागतो. मालवणी बोलणाऱ्या माझ्या आईला शाळेत हेच ऐकावं लागलं होतं.

पुढे रोमनांच्या तोंडी त्यांच्यासाठी सार्माटी हे नाव आलं. इ.स. 175 मध्ये रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसने त्यांच्यातल्या याझिग टोळीकडून 8000 घोडेस्वार घेतले आणि 5500 थेट ब्रिटनला धाडले. भूगोलकार टॉलेमीने तर आजच्या पोलंडमधल्या व्हिस्तुला नदीच्या पूर्वेकडचा अफाट मुलूख 'सार्माटिया' करून टाकला. नाव इतकं पसरलं की 16व्या-17व्या शतकात पोलंडचे सरदार स्वतःला सार्माटींचे वंशज म्हणवू लागले. त्यांची भाषा स्लाव्ह, सार्माटींची इराणी कुळातली, पारशांच्या धर्मग्रंथाच्या, अवेस्तेच्या, भाषेच्या नात्यातली.

त्या भाषेची खूण मला नद्यांत दिसते. अवेस्तेत 'दानु' म्हणजे नदी. पूर्व युरोपातल्या डॉन, नीपर, नीस्टर या तिन्ही नावांत ती आहे. नीपर म्हणजे बहुधा पलीकडची नदी, नीस्टर म्हणजे जवळची. नीस्टरमधला 'जवळ' या अर्थाचा शब्द आणि फारसीतून आपल्याकडे आलेलं 'नजीक' एकाच घरचे. आपल्या दानूचाही याच शब्दाशी संबंध बरेच अभ्यासक लावतात.

सार्माटींतल्याच अलान टोळीच्या बोलीतून आलेली ओसेती भाषा कॉकेशसमध्ये आजही बोलतात. तिच्यात सात म्हणजे 'आव्द', आठ म्हणजे 'आस्त'. भाचीने सप्त, अष्ट शेजारी लिहून बघितले. "आणि पाणी?"

"दोन."

ती हसली, मग वहीत नीट अक्षरात लिहिलं, 'दोन = पाणी', आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ नदीकडे बघत उभी राहिली.