खायचे की मांडायचे?

खीर म्हणजे गव्हल्यांची, रव्याच्या हाताने वळलेल्या गव्हाएवढ्या दाण्यांची. बाकीच्या खिरी आजाऱ्यांसाठी असतात, असं माझं प्रामाणिक मत आहे आणि ते बदलायचा विचार नाही. परवा दुपारी जेवणानंतर अचानक ती खावीशी वाटली आणि भर उन्हात पिशवी घेऊन गव्हले शोधायला निघालो.

कोपऱ्यावरच्या वाण्याला गव्हले माहीत होते, हेच खूप झालं. "आता कोण करतंय हो!" म्हणाला आणि शेवयांचं पाकीट पुढे सरकवलं. जणू मी शेवयाच मागितल्या होत्या, फक्त तोंडात शब्द चुकीचा आला होता. पुढे त्या मोठ्या, थंडगार दुकानात गेलो. तिथल्या मुलाने माझं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं आणि थेट ऑर्झो नावाच्या पास्त्यासमोर नेऊन उभं केलं. "सर, हेच ना?"

आता त्याला नाही म्हणायचं तरी कसं? आकार तोच, गव्हाच्या दाण्यासारखा. डुरम गव्हाच्या रव्याचा, म्हणजे आपल्या बन्सी गव्हाचाच भाऊबंद. समुद्र ओलांडून आलेलं इटालियन प्रकरण फळीवर ओळीने उभं होतं, किती मिनिटं शिजवायचं तेही पाठीवर छापलेलं. आणि मिरजेचे गव्हले पुण्यात मिळत नाहीत.

रुखवताच्या सामानाच्या दुकानात मात्र बाईंनी लगेच बरणी काढली. गुलाबी, हिरवे, केशरी. मी हात पुढे केला, तशी त्यांनी विचारलं, "खायचे की मांडायचे?"

"खायचे."

बाईंनी बरणी जागेवर ठेवून दिली.

शेवटी एका बचत गटाच्या स्टॉलवर पाकीट मिळालं. घरी येऊन ताटलीत ओतलं, चष्मा लावला आणि तपासायला बसलो. बायको म्हणाली, "हिरे घ्यायला आलायस का?" पण ही माझी खोडच आहे. हाताच्या गव्हल्यांत दोन दाणे कधी सारखे नसतात. एक जरा पोटाळ, एकाचं टोक वाकडं, एखादा नुसताच ठिपका. ताटलीतले सगळे एका मापाचे होते. यंत्राचे. खीर केली, बरी झाली. त्याहून जास्त काही बोलत नाही.

मिरजेला आजोळी चैत्र-वैशाखात दुपारची जेवणं आटोपली की माजघरात परात यायची. बारीक रवा दुधात घट्ट भिजवून, तुपाचा हात लावून, कुटून कुटून लोण्यासारखा मऊ केलेला. गोळा ओल्या फडक्याखाली झाकलेला. त्यातला लिंबाएवढा तुकडा डाव्या हातात घ्यायचा, त्याची बारीक शेपटी ओढायची आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने नि तर्जनीने टोक वळून तोडायचं. टप. परातीत पडला. मग पुढचा. बोटं चालत तोवर तोंडंही चालत. गावात कुणाचं कुठे जमलं, कुणाचं मोडलं, हे मला त्या परातीपाशीच कळलं. मीही हट्टाने वळायला बसायचो. "हे गव्हले नव्हेत, उंदराच्या लेंड्या आहेत," असा निकाल लागायचा आणि माझी रवानगी माश्या वारायला व्हायची.

सगळ्यांत सुरेख गव्हले माईचे. माई आजोबांची धाकटी बहीण, नेसण कायम फिकं. ती हाताकडे बघायचीसुद्धा नाही. दोन्ही टोकं निमुळती, मधे नावापुरतं पोट. वाळवायचे ते सावलीतच, उन्हात तडकतात, हे तिचंच म्हणणं. आणि खिरीला ते तुपावर बदामी परतून आधी पाण्यात पुरते शिजवायचे, मगच साखर, नाहीतर दाताखाली खडे येतात, हेही तिचंच.

उत्तर आफ्रिकेत बायका असाच रवा हाताने वळून कुसकुस करतात. 2020 साली अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांनी मिळून ती विद्या युनेस्कोच्या यादीत घातली. आपण असं काही करायला बसलो तर गव्हले आधी की मालत्या आधी, आणि नखुल्यांना मान कितवा (सगळी हाताने वळायचीच भावंडं), यावरच पहिली सभा मोडेल.

मान म्हटल्यावर आठवलं. लग्नघरी मुहूर्ताला गव्हले वळतात ना, तिथे पाच सवाष्णी पाटावर बसायच्या. हळदीकुंकू लागायचं, ओटीचे तांदूळ तयार असायचे. प्रत्येकी चिमूट-चिमूट वळायची, हसायची, उठायची. माई तेव्हा मागच्या खोलीत असायची. मांडवात कुणी तिला बोलवायचं नाही, आणि तीही दारापर्यंत यायची नाही. पाहुण्या गेल्या की उरलेला सगळा गोळा ओल्या फडक्यासकट तिच्याकडे जायचा आणि पुढचे कितीतरी दिवस दुपारभर ती एकटी वळत बसायची. पंगतीतली खीर त्याच गव्हल्यांची असायची. त्या खिरीचं कौतुक मात्र मुहूर्ताला बसलेल्या पाचजणी घ्यायच्या.