दाउन्नेचा चिखल आणि गोरख्याची सेवा

सेवायात्रेच्या पत्रकात एक ओळ होती: 'गोरखपूर ते गोरखा, एका दिवसाचा आरामदायी प्रवास.' ही ओळ ज्याने लिहिली तो वाटेतल्या, नेपाळच्या दाउन्ने घाटावरून कधी गेलेला नाही. गेला असलाच तर गाढ झोपेत.

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्या संपल्या आणि आमच्या मंडळातले काही जण एका संस्थेबरोबर नेपाळला निघालो. काम असं सांगितलं होतं: गोरखा जिल्ह्यातल्या एका शाळेची दगडी आवारभिंत आणि स्वयंपाकाची खोली. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचा केंद्रबिंदू याच जिल्ह्यात, बारपाकला होता. आमचं मंडळ दत्तसंप्रदायी. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव ही परंपरा लहानपणापासून कानावर पडलेली. ज्या गावाचं नावच गोरखनाथावरून, तिथे सेवा म्हटल्यावर आमच्यातलं कोण नाही म्हणणार? संस्थेला हे पक्कं ठाऊक होतं.

आधी पैशाचं सांगतो. माणशी 'परवाना शुल्क' म्हणून वेगळी रक्कम घेतली. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ये-जा खुली आहे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. आधार कार्डावर भागतं ते ६५ च्या वरच्यांचं आणि १५ च्या आतल्यांचं. हे शुल्क कशाचं, असं सुनौलीच्या सीमानाक्यावर विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "काका, सेवेत हिशेब बघायचा नसतो." मी तेव्हापासून हिशेबच बघतोय. इंदूरहून गाडी नेत असाल तर सीमेवर 'भन्सार' म्हणजे जकातीची पावती लागते. ती जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची घ्या, नाहीतर परतताना दंड. नेपाळी रुपयाचा दर ठरलेला आहे, शंभराला एकशेसाठ. नाक्यावर दीडशे हातावर ठेवतात, तिथे बदलू नका. शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून कटकट होऊ शकते. शहरात क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, वर डोंगरात त्याचा भरवसा धरू नका.

आता दाउन्ने. बुटवल ते नारायणगढ हा सुमारे ११४ किलोमीटरचा रस्ता रुंद करायचं काम वर्षानुवर्षं रखडलेलं आहे, आणि त्यातला दाउन्नेचा घाट म्हणजे शिक्षा. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. आम्ही भाद्रपदात गेलो, म्हणजे चिखल. एक ट्रक आडवा रुतला की दोन्ही बाजूंना रांग. मग शहाणे लोक उलट्या बाजूने घुसतात आणि रांग दुहेरी होते. आमची बस अख्खी रात्र तिथे उभी होती. पाण्याची बाटली दुप्पट भावात. बायकांना आडोसा नाही, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. आमच्यातल्या वहिनींनी शेवटी शालींचा आडोसा केला. संस्थेचे स्वयंसेवक-प्रमुख पुढच्या जीपमधून केव्हाच निघून गेले होते आणि फोनवरून नामस्मरण करायला सांगत होते.

मी स्पष्ट सांगतो: पावसाळ्यात आणि त्यानंतरचा महिनाभर सुनौलीमार्गे जाऊच नका. बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलला उतरा. वीरगंज, हेटौंडा, नारायणगढ असा रस्ता आहे, दाउन्ने लागतच नाही. हे मला परतताना एका चहावाल्याने सांगितलं. पत्रक छापणाऱ्यांना ते माहीत असायला हवं होतं. पुढे नारायणगढ ते मुगलिन हा ३६ किलोमीटरचा पट्टा त्रिशूली नदीच्या काठाने जातो, तो दिवसाउजेडीच पार करा. १२ जुलै २०२४ च्या पहाटे सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस नदीत गेल्या होत्या. रात्रीच्या बसचं तिकीट स्वस्त असतं, घेऊ नका.

मुगलिनहून आंबुखैरेनी, तिथून वर गोरखा बाजार. पत्रकातला 'गोरखा' इथे संपत नाही. आमची शाळा दरौंदी खोऱ्यात आणखी आत, बारपाकच्या वाटेवर होती, आणि शेवटच्या चढाला जीपवाल्याने स्थानिकांच्या तिप्पट भाडं घेतलं. भाडं गोरखा बाजारातच, चढण्याआधी ठरवा, आणि सामानाचं वेगळं नाही हे वदवून घ्या. पाठीवर पिशवी घेऊन दोन तास चढता येत नसेल त्याने येऊ नये, त्याचं ओझं दुसऱ्यावर पडतं.

कामाचं खरं रूप दुसऱ्या सकाळी कळलं. आदल्या दिवशी आम्ही हातमोजे घालून, फोटो काढून, भिंतीचे दोन थर रचले होते. पहाटे बाहेर आलो तर तिथला डकर्मी, म्हणजे गवंडी, हातोडीने आमचे थर मुकाट्याने उतरवत होता. मला बघून ओशाळला. "हुन्छ दाइ, हुन्छ," म्हणजे 'ठीक आहे दादा', म्हणाला आणि काम चालू ठेवलं. मी शेजारी बसलो तेव्हा त्याने दाखवलं: आमचे उभे सांधे एकावर एक आले होते, आणि भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड एकही नव्हता. असा दगड नसेल तर धक्क्याला भिंतीचे दोन पापुद्रे सुटे होतात आणि बाहेरचा पोट काढून कोसळतो. २०१५ मध्ये मातीत रचलेली दगडी घरं बहुतेक अशीच पडली. त्याचं स्वतःचंही. नंतर सरकारी अनुदानाचे तीन लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने मिळाले, पहिल्यानंतरच्या हप्त्यांआधी तपासणी. त्यात तो भिंत बांधून ठेवणारे आडवे पट्टे घालायला शिकला. आणि त्याला आम्ही, पहिल्यांदा दगड हातात घेतलेले, मदत करायला गेलो होतो.

त्या दिवसापासून मी थर रचणं सोडलं. दगड वाहिले. तिथली सत्तरीची आजी कपाळावर नाम्लोचा, म्हणजे ओझ्याचा, पट्टा लावून डोकोभर, म्हणजे पाठीवरची टोपली भरून, दगड आणायची, माझ्या दुप्पट. मंडळातले बाकीचे नाराज झाले, 'इतक्या लांब हमालीला आलो का' म्हणाले. संस्थेला संध्याकाळी आवारात फलक लावून भजन आणि पुस्तिकावाटप करायचं होतं. गाव घले-गुरुङ समाजाचं, तिथे बौद्ध लामाही येतो आणि झाँक्री, म्हणजे देवऋषीही. मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, भजन करा, पण पुस्तिका आणि कॅमेरा नको. पुढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: नेपाळच्या संविधानाचं कलम २६ धर्मांतराला मनाई करतं आणि फौजदारी कायद्यात शिक्षा आहे. तुमचा हेतू शुद्ध असला तरी गठ्ठा घरीच ठेवा.

मनकामनाची केबल कार, गोरखा दरबार, खालची गोरखनाथाची गुहा, सगळं छान झालं. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, बघून घ्या.

परत आल्यापासून मंडळात मी नकोसा झालो आहे. जुन्या कपड्यांची गाठोडी गोळा होतात तेव्हा मी विचारतो, कोणी मागितले? सेवायात्रेचा खर्च मांडून दाखवला: आमच्या गाडीभाड्यात आणि जेवणात तिथल्या दोन डकर्मींची कित्येक महिन्यांची मजुरी निघाली असती. बायको म्हणते, तुम्ही आरतीपेक्षा हिशेब जास्त म्हणता. गुहेपुढे डोकं टेकलं तेव्हा डोळे भरून आले, ते खरंच आहे. पण संस्थेच्या चित्रफितीत मी भिंत रचताना दिसतो, ती काढून टाकायला सांगितलंय. अजून काढलेली नाही.

जायचंच असेल तर कामाचं माणूस म्हणून जा. दसऱ्याच्या तोंडावर नको, दशैंला गवंडी घरी जातात आणि काम बंद पडतं. फाल्गुनात जा. वायरिंग, नळजोडणी, दात तपासणं, यातलं काही येत असेल तर आधी मुख्याध्यापकांशी बोला, काय हवं ते विचारा आणि पैसे थेट शाळेच्या खात्यात भरून पावती घ्या. स्वयंपाकाच्या खोलीत अजून वीज नाही. इंदूरचा कोणी वायरमन तयार असेल तर त्याचं भाडं मी देतो. मात्र रक्सौलमार्गे.