सामायिक मेमरी: कोणी सोडायची, कधी सोडायची

आजची नोंद डीपीडीके (नेटवर्क पॅकेट वेगाने हाताळणारी लायब्ररी) ड्रायव्हरच्या क्लोज फंक्शनबद्दल, म्हणजे पोर्ट बंद करताना चालणाऱ्या कोडबद्दल. दिसायला किरकोळ, पण मल्टी-प्रोसेसचे निम्मे क्रॅश इथेच जन्म घेतात असं माझं ठाम मत आहे.

प्रायमरी (सामायिक मेमरी उभी करणारी मुख्य) आणि सेकंडरी (तिला नंतर जोडली जाणारी) प्रोसेसमध्ये ह्यूजपेजेस, म्हणजे मेमरीची मोठी पानं, एकाच व्हर्च्युअल पत्त्यावर मॅप होतात. त्यामुळे पॉइंटर दोन्हीकडे जसाच्या तसा चालतो. धोकाही त्यातच. सेकंडरीने ब्लॉक फ्री केला तरी प्रायमरीकडचा पॉइंटर शाबूतच दिसतो. पोर्टचा डेटा, ड्रायव्हरचा प्रायव्हेट डेटा, क्यू (पॅकेटच्या रांगा) आणि मॅक (पोर्टच्या हार्डवेअर) पत्त्यांचा अ‍ॅरे सामायिक. फंक्शन पॉइंटर मात्र ज्याचे त्याचे, कारण कोडचे पत्ते प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळे असू शकतात. म्हणून क्लोजमध्ये सर्वांत आधी प्रोसेसचा प्रकार तपासायचा. सेकंडरी असेल तर तिने स्वतःपुरतं घेतलेलं तेवढं सोडून शून्य परत करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

मॅक पत्त्यांचा सापळा वेगळाच. प्रायमरीत पोर्ट रिलीज होताना हा अ‍ॅरे आणि प्रायव्हेट डेटा, दोन्ही फ्री होतात. अ‍ॅरे प्रायव्हेट डेटाच्याच पोटात असेल तर फ्री करणारं फंक्शन पत्त्याच्या मागे हेडर शोधतं आणि तिथे भलताच मजकूर असतो. नशीब चांगलं असेल तर ‘इनव्हॅलिड मेमरी’ असा एरर येतो, नसेल तर हीपच (मेमरीचा साठाच) बिघडतो. रिलीजआधी तो पॉइंटर नल (रिकामा) करावा. नल फ्री केल्याने काही बिघडत नाही.

खरी कसोटी चालू पोलिंगची, म्हणजे पॅकेट आलं का ते सतत तपासत राहण्याची. प्रायमरी मेमरी सोडत असताना सेकंडरीचा एखादा एलकोर (सीपीयू कोअरवर चालणारा थ्रेड) त्याच रिंगमधून (क्यूच्या वर्तुळाकार यादीतून) पॅकेट उचलत असू शकतो. म्हणून प्रायमरीने आधी आयपीसी (प्रोसेस-प्रोसेसमधला) संदेश पाठवायचा आणि सेकंडरीने बर्स्ट फंक्शनच्या (एका दमात अनेक पॅकेट घेणाऱ्या-पाठवणाऱ्या फंक्शनच्या) जागी रिकामं फंक्शन बसवायचं. डीपीडीकेच्या 21.11 आवृत्तीपासून फास्ट-पाथचे (पॅकेट हाताळणाऱ्या वेगवान वाटेचे) पॉइंटर वेगळ्या, प्रोसेसपुरत्या अ‍ॅरेत असतात. तिथेही बदल हवाच, नाहीतर जुनंच फंक्शन चालत राहतं. एवढ्यानेही भागत नाही: जुन्या फंक्शनमध्ये आधीच शिरलेला एलकोर बाहेर यायला हवा. आधी मेमरी बॅरियर (झालेला बदल इतर कोअरना क्रमाने दिसेल याची हमी देणारी सूचना), मग तो बाहेर पडेपर्यंत थांबणं, आणि त्यानंतरच प्रायमरीला उत्तर.

पुढचा क्रम ठरलेला. हार्डवेअरची क्यू थांबवा, नाहीतर डीएमए (सीपीयूला वगळून थेट मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) सोडलेल्या मेमरीत लिहीत राहील. मग रिंगमधले एमबफ (पॅकेटचे बफर) मेमपूलला (बफरच्या साठ्याला) परत, मग रिंग, मग क्यूचा पॉइंटर नल. प्रायव्हेट डेटा सगळ्यांत शेवटी.

सेकंडरीचं उत्तर वेळेत आलंच नाही तर? मी मेमरी सोडणार नाही. लॉग लिहून गळती पत्करेन. गळती मोजता येते. सोडलेला ब्लॉक मात्र दुसऱ्याच कुणाला मिळतो आणि बिघाड भलत्याच मॉड्यूलमध्ये उगवतो.

तपासताना दोन्ही क्रम चालवून बघावेत: सेकंडरी आधी बंद करून प्रायमरीची वाहतूक सुरू राहते का, आणि सेकंडरी पोलिंग करत असताना प्रायमरीने पोर्ट बंद केला तर काय होतं. दुसरा क्रम भरपूर ट्रॅफिकवर, पुन्हा पुन्हा.