आमची वाटचाल : पडदे ओढणाऱ्या हातांसाठी

सांगलीतील आमच्या छोट्या कारखान्यात बेदाणा शेडसाठी यंत्र तयार होते. शेडमधील हवा ठरावीक मर्यादेपलीकडे दमट होऊ लागली की ते इशारा देते. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी त्याचे नशीब अजूनही हवेच्याच हाती आहे. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेले घड जाळीच्या रॅकवर सावलीत साधारण पंधरवडाभर सुकतात आणि चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. त्या काळात अवकाळीची एखादी सर किंवा दमट हवा बाधली, की माल काळपट पडतो आणि तासगावच्या सौद्यात त्याचा दर उतरतो.

यंत्राचा आराखडा कागदावर येण्याआधी आम्ही एक हंगाम कवठेमहांकाळ आणि जत भागातील शेडवर जाऊन बसत होतो. बागायतदारांशी बोलताना बहुतेकांनी मोबाईलवर आलेख आणि बाजारभाव मागितले. प्रत्यक्षात भाव त्यांना अडत्याच्या फोनवरूनच कळत होता आणि भाव दाखवणारी जी अ‍ॅप त्यांच्याकडे आधीपासून होती, ती उघडलेली आम्हाला क्वचितच दिसली. घरी आलेल्या माणसाला चहा पाजून ‘चांगलं आहे की’ म्हणणे ही आपल्याकडची रीत आहे; तेवढ्यावर ऑर्डर मिळाली असे धरून चालणाऱ्या नव्या कंपन्यांची आम्हाला काळजी वाटते. मालक रात्री गावात असतो. वारा फिरला की शेडच्या बाजूंचे पडदे खाली ओढतो तो शेडशेजारच्या खोपीत राहणारा राखणदार, आणि त्याच्याकडे बटणांचा साधा फोन असतो, ज्याला रेंज मिळते ती बांधावर उभे राहिल्यावर.

म्हणून आमच्या यंत्राला स्क्रीनच नाही. लाल दिवा आणि भोंगा आहे, आणि रेंज मिळाल्यास मालकाला संदेश जातो. नमुना बसवला तेव्हा एका राखणदाराची बायको म्हणाली, ‘‘दादा, भोंगा एवढा मोठा नको, पोरगं दचकून उठतंय; पण मला मात्र जाग आली पाहिजे.’’ त्यावरून लांब वायरीचा वेगळा छोटा बझर निघाला, जो खोपीत उशापाशी टांगता येतो. आज चौकशीला येणारे गिऱ्हाईक बहुधा आधी त्या बझरबद्दलच विचारते.

पैशाची गोष्टही तशीच ठरली. छाटणीपासून औषध-मजुरीत पैसा अडकलेल्या बागायतदाराकडे जानेवारीत रोख मागणे व्यर्थ असते. त्यामुळे यंत्र हंगामी भाड्याने देतो आणि भाडे बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हाती आल्यावर घेतो. वसुली उशिरा होते, बुडते मात्र फार थोडी.

याच जिल्ह्यात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगर विकताना, लोखंडाने जमीन नासते या शेतकऱ्यांच्या समजुतीला तोंड द्यावे लागले होते. नांगराच्या बनावटीइतकेच लक्ष त्या भीतीकडेही द्यावे लागले असणार, असे आम्हाला वाटते.

सध्या हळद वाळवण्यासाठी असेच यंत्र करून द्या, अशी मागणी येत आहे. शिजवलेली हळद उघड्या खळ्यावर उन्हात वाळते, तिथे ना पडदा असतो ना खोप; त्यामुळे यंदाचा हंगाम खळ्यांवर काढल्याखेरीज आगाऊ रक्कम स्वीकारायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.